खालची अर्धी बाजू

बेटावरून, २० मार्च

काका आणि काकू,

पोचले. बोट इतकी लागली की दोन दिवस खाटेवरून उठले नाही. तेव्हा ‘मला काही होत नाही’ म्हणून निघताना मिरवलं होतं, ते सगळं मागे घेते. हे पत्र काकूने आधी वाचावं. काका आधी वाचतात आणि तिच्या हातात कागद जाईपर्यंत सगळं सांगून मोकळे होतात.

जागा म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन खाटा, एक टेबल आणि बाहेर उघडा माळ. फोन लागत नाही. बिनतारी संच आहे, पण तो कचेरीच्या कामापुरता, किंवा कुणाच्या जिवावर बेतलं तर. बाकी सगळं आठ दिवसांनी येणाऱ्या बोटीतून. माझ्याबरोबरचा निरीक्षक तीस वर्षं हेच काम करतोय. बोलतो कमी आणि घोरतो जास्त.

पक्षी आता यायला लागतील. जोडीला एकच अंडं, आणि ते दोन महिने दोघांनी पाळीपाळीने उबवायचं. एक बसतो, दुसरा समुद्रावर पोट भरायला जातो आणि दहा-बारा दिवसांनी परतून पहिल्याला सुट्टी देतो. तोवर बसलेला उपाशी. जागचा हलत नाही, कारण अंडं उघडं पडलं की गेलंच. या सबंध किनाऱ्यावर आता एकसष्ट जोड्या उरल्या आहेत.

आता कामाचं. काका, हे तुमच्यासाठी. अंड्यांची कवचं पातळ व्हायला लागलीत. आईबाप बसले की त्यांच्याच वजनाने तडा जातो. म्हणून यंदा नाजूक अंडी आम्ही ऊबपेटीत ठेवणार आणि त्यांच्या घरट्यात लाकडी. खाली काहीच नसेल तर ते घरटं सोडून जातात, मग पिल्लाला भरवायचं कुणी? पिल्लू बाहेर यायच्या दोन दिवस आधी खरं अंडं परत ठेवायचं. अदलाबदल त्यांना कळत नाही.

चोवीस अंडी हवीत. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. वजनासाठी आत शिसं भरा. रंग नुसता पांढरा चालेल.

तुमची
ठकी


घरून, ८ एप्रिल

ठके,

पत्र हुकमाप्रमाणे तुझ्या काकूने आधी वाचलं आणि मग दोन दिवस माझ्या हातात दिलंच नाही. आता मी तक्रार कुणाकडे करायची?

चोवीस अंडी पाठवतोय. चाळीस वर्षं लेथवर खुर्च्यांचे पाय कातले, जिन्यांचे कठडे कातले, पण हे काम निराळंच निघालं. खुर्चीचा पाय सारखा उतरला की झालं. अंड्याचं एक टोक जाड, एक निमुळतं, आणि बदल कुठे सुरू होतो ते हाताला लागता कामा नये. पहिली पाच शेगडीत गेली. शिसं भरून वर बूच मारलंय, ते कुठे आहे शोधून दाखव. सात वर्षांची पोरकी पोर या घरात आली, तेव्हा मी तुला कातून दिलेल्या बाहुलीचं बूच तू पहिल्याच दिवशी उपटलं होतंस. तिच्यावरूनच तुला ठकी म्हणायला लागलो. म्हणून या वेळी घट्ट बसवलंय.

काकूचा दम अजून हटत नाही. डॉक्टरने जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे ती दिवसभर खाली दुकानात बसते, माझ्या डोक्यावर. नेहमीप्रमाणे वरची अर्धी बाजू माझी, खालची तिची. माझी संपली. एक ओळ जास्त झाली तरी भांडण होईल.

काका

कार्टे,

नुसता पांढरा चालेल म्हणे! मी तुझ्या कपाटातलं जाडं पुस्तक काढून चित्र पाहिलं. जाड टोकाला तांबूस ठिपके असतात, टोपी घातल्यासारखे. निमुळत्या टोकाला एकही नाही. चोवीसच्या चोवीस तशी रंगवली आहेत. माझा हात डावरा, म्हणून सगळे फटकारे डावीकडे कललेत, तेवढं तुझ्या पक्ष्यांना सांभाळून घ्यायला सांग. त्यांना कळत नाही हे तू लिहिलंयस. मला कळतं ना.

एक विचारायचं होतं. तो नर खरंच बसतो का गं? की वहीत लिहायला दोघं, आणि प्रत्यक्षात बसते तीच? तुझ्या काकांना परवा दहा मिनिटं दुधापाशी उभं केलं, तर दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि हे खिडकीतून समोरच्याच्या दाराची चौकट बघत होते. म्हणून विचारते. मला ऐकीव माहिती नको. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि खरं काय ते कळव.

माझी काळजी करत बसू नकोस. या वयात दम सगळ्यांनाच लागतो. मी तो बोलून दाखवते, इतकंच.

काकू


बेटावरून, २९ एप्रिल

काकू आणि काका,

अंडी इतकी हुबेहूब आहेत की माझ्या जोडीदाराने त्यातलं एक खरं समजून ऊबपेटीत ठेवलं आणि दोन दिवस मोठ्या निगुतीने फिरवलं. तीस वर्षांचा अनुभव! तेव्हापासून आम्ही प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने खूण करतो.

पण त्याला हसायची सोय राहिली नाही. मागच्या सोमवारी तो ओल्या खडकावरून घसरला, पाय घोट्यात मोडला. बोटीतून त्याला नेलं. दुसरा माणूस जुलैशिवाय मिळणार नाही असं कचेरी म्हणते. ऊबपेटीत बावीस अंडी आहेत आणि ती दर चार तासांनी हाताने फिरवावी लागतात. म्हणजे आता मी इथेच खिळले. मी दोन दिवस नसले तर बावीसही जातील.

नर-मादी दिसायला सारखेच. म्हणून जोडी जमताना पाहून ठेवतो आणि नराच्या छातीवर पिवळा ठिपका लावतो, मादीच्या हिरवा. काल चौदा नंबरच्या घरट्यावरची पाळी बदलताना पाहिली. पिवळा अकरा दिवस बसून होता. ती आली, समोर उभी राहिली, मान लववली, चोचीवर चोच वाजवली. आता तो उठेल असं मला वाटलं. उठेना. ती त्याच्या शेजारी टेकून बसली आणि खांद्याने हळूहळू रेटत राहिली. अर्ध्या तासाने तो एका बाजूने सरकला आणि ती दुसऱ्या बाजूने अंड्यावर आली. खाली तुमचं लाकूड! मला जरा अपराधी वाटलं.

काकू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देत नाही. एका घरट्यावरून काय सांगणार? हंगाम संपू दे, एकसष्ट जोड्यांचे दिवस मोजते आणि पक्कं सांगते. तेवढा धीर धर.

ठकी


घरून, ९ मे

ठके,

पत्र मिळालं. आम्ही दोघांनी वाचलं. जोडीदाराने लाकडी अंडं फिरवलं ते वाचून काकू हसली.

ती या वेळी लिहीत नाही. हात जड झालाय. बाकी ठीक आहे. काकू म्हणते, हंगाम पुरा कर, बेट सोडायचं नाही.

फुटली-हरवली तर असावीत म्हणून आणखी बारा अंडी पाठवतोय. काकूनेच रंगवलीत. दुकानात काम बेताचं आहे.

काका


बेटावरून, १७ मे

काका आणि काकू,

बारा अंडी टेबलावर मांडून बसले आहे. सात काकूची आहेत, झोपेतसुद्धा ओळखेन. तीन अंड्यांवरचे फटकारे उजवीकडे कललेले. काका, चोरी पकडली! काकूच्या नावावर खपवलीत ना? उरलेली दोन मात्र उचलून खिडकीशी उजेडात नेऊन पाहिली. फटकारे डावीकडेच कललेत, पण सगळे थरथरलेले. काकू, हात इतका कापतोय का? मग नको ना रंगवूस. आणि कापत्या हाताने अंडी रंगवता येतात तर दोन ओळी का लिहिता येत नाहीत? वाकड्यातिकड्या चालतील. ‘कार्टे’ एवढं एक लिहिलंस तरी पुरे. पत्राची खालची बाजू रिकामी बघवत नाही.

काका, खरं सांगा. मी यायला हवं आहे का? कचेरीत जाऊन निरोप ठेवलात तर बिनतारीवर मला त्याच दिवशी कळेल. इथलं मी बघून घेईन काय ते.

चौदा नंबरची हिरवी नऊ तारखेला समुद्रावर गेली. पिवळा बसून आहे. आज आठवा दिवस, म्हणजे काळजीचं काही नाही. तिची यायची वेळ अजून व्हायची आहे.

ठकी


घरून, २५ मे

ठके,

यायचं काही कारण नाही. काकू बरी आहे. सकाळी दुकानात येऊन खुर्चीत बसते, खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघते आणि प्रत्येकाला नावं ठेवते. काल समोरच्या शिंप्याने नवा चष्मा घेतला, तर म्हणाली, आता तरी शिलाई सरळ येईल. परवा मी मीठ दोनदा टाकलं. म्हणाली, एकदा माझ्या वाटचं टाकलंत आणि एकदा तुमच्या, असंच ना? म्हटलं हो. मग दोघांनी तसंच खाल्लं.

काकू म्हणते, ठके, जेवणाची आबाळ करू नकोस. अंगावर गरम घालत जा. काकू म्हणते, पत्र लिहायला हात वळत नाही, पण रोज तुझी आठवण काढते.

तिने आणखी एक विचारलंय. त्या चौदा नंबरच्या नराला कळत नसेल का की खाली लाकूड आहे? मी तिला म्हटलं, कळत असेल. पण उठलं तर जायचं कुठे, हा प्रश्न असेल त्याच्यापुढे.

त्याचं काय झालं ते लिही. आम्ही दोघं वाट बघतोय.

काका


बेटावरून, २ जून

काका,

त्याचं काय झालं ते लिहिते.

हिरवी आली नाही. दहा दिवस झाले, पंधरा झाले. वीस वर्षांच्या वह्या चाळल्या. एका पाळीत कुठलाही पक्षी एकोणीस दिवसांहून जास्त बसलेला नाही. हा चोविसाव्या दिवशीही बसून होता. ती समुद्रावर संपली असणार. जाळ्यात अडकली, गळाला लागली, काय झालं ते कधी कळत नाही. याच्या छातीचं हाड वरून दिसायला लागलं होतं. खरं अंडं माझ्या पेटीत सुखरूप आहे, पण एकट्या बापाला पिल्लू वाढवता येत नाही. ते दुसऱ्या जोडीकडेच द्यावं लागणार. म्हणजे हा ज्याच्यासाठी उपाशी बसला होता, ते त्याच्या खाली नव्हतंच. आणि हे माहीत असलेली बेटावर मी एकटी.

आज सकाळी मी त्याच्या पोटाखाली हात घातला. त्याने एकदा चोच वाजवली, जोर नव्हता. अंडं काढून घेतलं. तो तसाच रिकाम्या जमिनीवर बसून राहिला. अधूनमधून मान वाकवून खाली बघायचा आणि पुन्हा नीट बसायचा. दुपारी उठला, झोकांड्या खात कड्यापर्यंत चालत गेला आणि वाऱ्यावर अंग टाकलं. मी माळावर उभी राहून रडले. इथे ऐकायला कुणी नसतं, ते एक बरं आहे.

ते अंडं घेऊन खोलीत आले. काकूच्या पहिल्या चोवीसातलं. शेजारी ती दोन थरथरलेली ठेवली, आणि इतके दिवस जे दिसत असून बघितलं नव्हतं ते बघितलं. काकूचा हात कितीही कापला असता तरी तिने ठिपके जाड टोकालाच दिले असते. या दोन अंड्यांवर ते सगळीकडे पसरलेत. आणि काकू मला जन्मात कधी ‘ठके’ म्हणालेली नाही.

काका, काकू कधी गेली?

कचेरी दुकानापासून दोन रस्ते पलीकडे आहे. निरोप ठेवला असतात तर मला त्याच दिवशी कळलं असतं. बावीस अंडी की काकू, हे माझं मला ठरवायचं होतं. मी काय ठरवलं असतं, तेही आता मला कधी कळणार नाही. तुम्ही मला शिंप्याच्या चष्म्याच्या गोष्टी लिहीत राहिलात आणि मी इथे हसत राहिले. मी हसले, काका. तिच्या माघारी.

खूप रागावले आहे. हे पत्र फाडून पुन्हा गोड लिहिणार नाही.

ठकी


घरून, १० जून

ठके,

२ मे. सकाळी साडेदहा. दुकानात, तिच्या खुर्चीत. जास्तीची अंडी तू मागितली नव्हतीस, तिचाच हट्ट होता. सात रंगवून झाली होती आणि आठवं हातात होतं. मी लेथ चालवत होतो. आवाजात मला काही ऐकू आलं नाही. लेथ थांबवून ‘हे बघ बरं’ म्हणून वळलो, तर अंडं मांडीवर आणि कुंचला जमिनीवर. शेजारचे दहा-बारा जण आले, सगळे मिळून तिला पोचवून आलो. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाला. तो तेव्हा तिथे नव्हता आणि मी असून नसल्यासारखा.

त्याच दिवशी कचेरीच्या दारापर्यंत गेलो होतो. आतला कारकून म्हणाला, काय काम आहे? म्हटलं, काही नाही. परत आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तुझं पत्र आलं, की तू तिथे एकटी आहेस आणि निघालीस तर बावीस अंडी जातील. मी ते तिच्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाचलं. आणि ठके, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लपवायला कारण मिळालं. ‘बेट सोडायचं नाही’ हे ती म्हणालेली नाही. ते मी म्हणालो.

अंड्यांसाठी लपवलं असं सांगितलं तर तू कदाचित माफ करशील. पण तसं नाही. ‘काकू म्हणते’ एवढं कागदावर लिहिलं की ती पुढचं काहीतरी म्हणायची. शिंप्याच्या चष्म्यावर ती हेच बोलली असती, मला ऐकू आलं. मीठ मी खरंच दोनदा टाकलं होतं. लिहून होईपर्यंत ती दुकानात असायची. तुला कळवलं असतं तर ती सगळीकडूनच गेली असती. म्हणून मी बसून राहिलो. तीन अंडी उजव्या हाताने रंगवली, तर तू ओळखशील वाटलं. म्हणून पुढची दोन डाव्या हाताने रंगवली. ठिपके कुठे द्यायचे ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चाळीस वर्षं ती शेजारी बसून रंगवत होती आणि मी बघितलं नाही.

तुझा राग रास्त आहे. शेवटचं बघायचा तुझा हक्क होता आणि तो मी घेतला. त्याला माझ्याकडे भरपाई नाही.

आठवं अंडं माझ्यापाशी आहे. अर्ध्या टोपीचं. ते मी पाठवणार नाही.

खालची बाजू कोरी ठेवतोय. तिच्या नावाने आता काही लिहिणार नाही.

काका


बेटावरून, १९ जून

काका,

तुमचाच कागद परत पाठवते आहे. आठ दिवस तो टेबलावर होता. कोरी बाजू तशीच ठेवावी की काय करावं, सुचत नव्हतं.

चौदा नंबरचं पिल्लू परवा बाहेर आलं. नऊ नंबरच्या जोडीचं अंडं पेटीत कुजलं होतं, त्यांच्या खाली ठेवलं. त्यांनी घेतलं. बावीसपैकी सतरा अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. पिवळा काल माळावर दिसला. अंगाने भरलाय. आपल्या जागेपाशी थोडा वेळ उभा राहिला. बसला नाही.

राग गेलेला नाही. ५ जुलैच्या बोटीने येते आहे, तोवर जाईल असंही वाटत नाही. पण धक्क्यावर या. काकूची खुर्ची हलवू नका. मी आल्यावर आपण दोघं मिळून काय ते ठरवू. आणि जेवणात मीठ एकदाच टाका.

आता उरलेली जागा तिची आहे.

काकू, तू विचारलं होतंस, नर खरंच बसतो का. मी म्हटलं होतं, हंगाम संपल्यावर पक्कं सांगते. चुकलंच माझं, तेव्हाच सांगायला हवं होतं. एकसष्ट जोड्यांचे दिवस मोजले. जवळजवळ निम्मे त्याचे आहेत. ऐकीव नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. चौदा नंबरचा चोवीस दिवस बसला. तुझा, दूध उतू घालवणारा, एकोणचाळीस दिवस. खाली लाकूड आहे हे त्याला माहीत होतं, तरी बसला. दोघांनाही शेवटी मलाच उठवावं लागलं.

तुझी
कार्टी